दोनच ट्यूब आणि पांढरा

ॲक्रिलिक रंगांत ॲबस्ट्रॅक्ट पेंटिंग करायला बसलं की पहिला मोह होतो तो सगळ्या ट्यूब उघडायचा. बारा रंग समोर असले की बाराही लावावेसे वाटतात, आणि मग कॅनव्हासवर सगळेच एकदम बोलायला लागतात, ऐकू कुणाचंच येत नाही. म्हणून मी हल्ली रंगांशी खेळायचं ठरवलं की दोनच रंग घेते आणि सोबत पांढरा, बास.

सध्याची लाडकी जोडी म्हणजे अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. एक निळा, एक विटकरी, यात काय मजा येणार असं वाटतं ना? पण दोन्ही मिसळले की इतका गडद रंग तयार होतो की काळी ट्यूब उघडावीच लागत नाही, कारण बर्न्ट सिएना म्हणजे खरं तर गडद केशरीच आणि केशरी हा निळ्याचा विरोधी रंग, आणि विरोधी रंग मिसळले की एकमेकांना मारतात. त्यात थोडा थोडा पांढरा घालत गेलं की ग्रेच्या छटा निघतच राहतात, निळा जरा जास्त पडला तर थंड, विटकरी जास्त झाला तर उबदार. ट्यूबमधला तयार ग्रे यापुढे मला अगदी निर्जीव वाटतो. अल्ट्रामरीनऐवजी थॅलो ब्लू हा दुसरा निळा घेणार असाल तर मात्र जपून, तो इतका जोरकस असतो की टाचणीच्या डोक्याएवढा घेतला तरी पांढऱ्याचा सगळा ढीग निळा करून टाकतो.

पण ॲक्रिलिकची खरी गंमत थरांत आहे. पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत वाळतो आणि एकदा वाळला की पाण्याने परत सुटत नाही, म्हणजे खालचा रंग न बिघडवता वरून दुसरा लावता येतो. झकास पिवळा लावा, पूर्ण वाळू द्या, मग क्विनाक्रिडोन मजेंटा हा जांभळट गुलाबी रंग भरपूर ग्लेझिंग मीडियममध्ये, म्हणजे रंग पातळ आणि पारदर्शक करणाऱ्या द्रवात, मिसळून वरून पातळ फिरवा. हेच दोन रंग पॅलेटवर मिसळूनही केशरी-लाल होतो, पण थरांतून येणारा तसा नसतोच, कारण इथे उजेड मजेंटातून आत जातो, खालच्या पिवळ्यावर आपटून परत येतो आणि रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. मजेंटा पारदर्शक आहे म्हणून हे जमतं. टायटॅनियम व्हाइट किंवा कॅडमियमचे रंग झाकणारे असतात, खालचं सगळं गडप करतात, आणि कधीकधी तेच हवं असतं, नाही असं नाही. असा झाकणारा थर ओला असतानाच जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने ओरबाडला की खालचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी परत वर डोकावतो, हा प्रकार मी तासन्‌तास करू शकते!

एक लक्षात ठेवायचं, ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, कारण ओलं असताना त्यातलं बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, दुधासारखं पांढुरकं असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं. त्यामुळे छटा नेमकी हवी असेल तर एका कागदाच्या तुकड्यावर लावून वाळवून बघायची.

असे रंगवलेले तुकडे मी टाकत नाही, त्यांचा पुढचा खेळ तर सगळ्यात आवडता. एकाच ग्रेचे दोन सारखे तुकडे कापायचे, एक भडक केशरीवर ठेवायचा, एक निळ्यावर. केशरीवरचा निळसर दिसतो, निळ्यावरचा चक्क केशरीकडे झुकतो, आणि तुकडे तेच आहेत हे आपल्याला माहीत असूनही डोळा ऐकत नाही. फ्रान्समधल्या गोबलँ या चित्रं विणलेले पडदे बनवणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम बघणारा केमिस्ट शेवरल यालाही हेच सापडलं होतं, तिथल्या काळ्या धाग्याला उठाव नाही अशा तक्रारी यायच्या आणि त्याने शोधून काढलं की डायमध्ये खोट नाहीये, शेजारी विणलेले रंग त्या काळ्याला मारतायत. शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा दिसतो हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला.

हे एकदा डोळ्यात बसलं की पेंटिंग दुरुस्त करायची पद्धतच बदलते. आता कॅनव्हासवर एखादा लाल निस्तेज वाटला तर मी त्या लालवर आणखी लाल चढवत नाही, त्याच्या शेजारी हिरवट ग्रेचा एक हात मारते, कारण हिरवा हा लालचा विरोधी रंग, आणि दोन पावलं मागे जाऊन बघते.