गाडीतलं 200 लिटर पाणी

कुत्र्यांना आंघोळ घालायची गाडी काढतेय म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली, "म्हणजे कुत्र्यांची न्हावीण." दारावर 'पेट ग्रूमिंग'चा स्टिकर आहे, पण आमच्या भांडुपच्या चाळीत नाव तेच पडलं.

सात वर्षं प्राण्यांच्या एका क्लिनिकमध्ये मी कुत्री धरून ठेवलीत, त्यामुळे चावण्याची भीती नव्हती. झोप उडवली ती पाण्याने. जुनी ईको घेतली, मागच्या सीट काढून टब आणि 200 लिटरची टाकी बसवली. 200 लिटर म्हणजे 200 किलो, हे शाळेतलं गणित. ते खरं कळलं मुलुंडच्या पुलावरून उतरताना. ब्रेक दाबला, टाकीतलं पाणी पुढे धावलं आणि कुणी मागून ढकलल्यासारखी गाडी सरकली. दुसऱ्याच दिवशी भावाने मोठी काढून चार छोट्या टाक्या बसवल्या.

लॅब्रॅडॉरला 40 लिटर सहज लागतात. म्हणून दिवसाला पाचच कुत्री. सहाव्यासाठी पाणी आणू कुठून? आमच्याकडे ते पहाटे येतं आणि पाइप धरून उभी मीच असते.

आंघोळ तशी पटकन होते, वेळ खातं ते वाळवणं. पावसाळ्यात लॅबचे आतले केस ओले राहिले तर खाली कातडी लाल होते, चिघळते. मग ब्लोअर. तो इन्व्हर्टरवर चालत नाही आणि जनरेटर लावला की वॉचमन शिट्टी मारत येतो. आता बुकिंग घेतानाच विचारते, "काकू, पहिला मजला आहे का? खिडकीतून वायर सोडाल?" तळमजला असेल तर मी खूश.

परवा मुलुंडला एक शित्झू होता. कानामागे, काखेत केसांचा नमदा झालेला. काकू म्हणाल्या, "केस कापू नकोस हं, फक्त विंचर." तसा गुंता ओढला की कातडीच ओढली जाते, कुत्रं कळवळतं. त्यांना तो भाग बोटाने चाचपायला लावला. गप्प झाल्या. मशीन फिरवली तर खाली दोन गोचिड्या. पैसे देताना तरी म्हणाल्याच, "उंदरासारखा दिसतोय." दिसत होताच.

नखांचं मात्र मला अजून टेन्शन येतं. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, काळ्यात काहीच नाही. एकदा चुकलं, रक्त आलं, पावडर दाबून थांबवलं. त्या दिवसापासून काळं नख तांदळाएवढंच कापते.

गेल्या आठवड्यात पाणीकपात होती. सकाळी सातला चाळीतल्या तिघी कळश्या घेऊन गाडीपाशी. आई आतून ओरडली, "दे गं, आज दोनच कुत्री कर."