तालुक्याचा निधी: पहिला चेक कागदांसाठी

पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींनी तालुक्यासाठी कायमनिधी (मुद्दल न मोडता व्याजावर चालणारा) उभा केला, समजा ५० लाखांचा, की पहिला वाद होतो तो ठेव कुठे ठेवायची यावर. गावची पतसंस्था टक्काभर जास्त व्याज देते, चेअरमनही ओळखीचे. तरी तिथे ठेवू नका. विश्वस्त संस्थेचा पैसा कुठे गुंतवायचा हे आयकर कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम ठरवतात. शेड्यूल्ड बँक, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतली, चालते. पतसंस्था ही बँक नव्हे.

७ टक्क्यांनी वर्षाला साडेतीन लाख व्याज येतं. करमाफी हवी तर त्यातले ८५ टक्के, म्हणजे २,९७,५०० रुपये, त्याच वर्षी उद्देशांवर खर्च दाखवावे लागतात. ५२,५०० निधीत टाकता येतात. (जास्त साठवायचे तर कारण देऊन वेगळा फॉर्म, तोही मुदतीत.) मेख २०२३च्या वित्त कायद्याने मारली आहे. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देणगी दिली तर तिचे ८५ टक्केच खर्चात धरतात. सगळं वाटप संस्थांमार्फत केलं तर साडेतीनच्या साडेतीन लाख द्यावे लागतात आणि निधी ५० लाखांवरच बसतो. निधीने स्वतः बिल भरलं तर मात्र रुपयाला रुपया धरतात, फक्त ते काम निधीच्या घटनेतल्या उद्देशांत बसायला हवं.

म्हणून माझं मत: स्थानिक संस्थेला पहिली मदत उपक्रमासाठी देऊ नका. तिचे कागद सरळ करून द्या, आणि सीएची व वकिलाची फी निधीने थेट भरा.

एखादं जुनं वाचनालय घ्या. धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर सात विश्वस्त, त्यातले तिघे वारलेले, आणि बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा) कुणी केलेलाच नाही. तो ९० दिवसांत करायचा असतो. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज जोडायचा. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, मृत्यूचे दाखले, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं. अर्ज अडतो तो बहुधा नोटिशीवर. घटनेत १५ दिवस आधी असं लिहिलेलं असतं आणि नोटीस फिरवलेली असते पाच दिवस आधी. आधीचा बदल अर्ज प्रलंबित असेल तर पुढचे सगळे त्यात गुंततात, कारण जे पायउतार झाले त्यांचीच नावं उताऱ्यावर चढलेली नसतात. आधी घटना वाचा, मग तारीख ठरवा.

हे निस्तरलं की १२एबी (संस्थेच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून), त्यानंतर सीएसआर-१ फॉर्म, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशासाठीची नोंदणी. १ एप्रिल २०२१पासून त्याच्या नोंदणीशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचं काम करून घेऊ शकत नाही, आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. सीएच्या फीपुरत्या पैशांत संस्था कंपन्यांच्या दारापर्यंत पोचते. तेवढीच रक्कम शिबिरावर घातली तर मंडपवाल्याकडे जाते.

परदेशातल्या पुतण्याचे पैसे घेताना त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. अमेरिकन झाला असेल तर ती विदेशी देणगी; एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

उपक्रमाला पैसे दिलेच तर ६०-३०-१० अशा हप्त्यांत द्या, आणि दुसऱ्या हप्त्याआधी पावत्या स्वतः चाळा. बिल सेक्रेटरीच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर हवं. गवंड्याला बाजाराच्या दिवशी १४,००० रोख दिले असतील तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. एका व्यक्तीला एका दिवसात रोखीची मर्यादा १०,००० आहे. हे पहिल्या हप्त्याच्या चेकसोबतच लिहून द्यावं, कारण गवंडी चेक घेत नाही आणि सेक्रेटरी त्याला नाही म्हणत नाही.