आईचा गेमबॉय आणि 18 हजारांचा भाव

मुंबईत आमच्या खेतवाडीतल्या चाळीत 1992 साली मामानं दुबईहून गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, आणला. आणला माझ्या भावासाठी, पण खेळली आई. दुपारची भांडी आवरली की ती गॅलरीत स्टूल टाकून बसायची आणि टेट्रिस लावायची. वरून पडणारे ठोकळे फिरवून नीट बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते, एवढंच तिला पुरे होतं. बटण बंद केलं की त्या कॅसेटमध्ये स्कोअर राहत नाही. म्हणून आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर, त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली किती ओळी झाल्या ते बारीक अक्षरात लिहून ठेवायची. 2009 मध्ये चाळ पुनर्विकासाला गेली आणि सामानाच्या हलवाहलवीत तो गेमबॉय भंगारवाल्याकडे गेला. तेव्हा कोणी काही बोललं नाही, आईसुद्धा नाही.

2021 च्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाटेवर पडल्या पडल्या एकदा ती म्हणाली, "आपला तो ठोकळ्यांचा खेळ असता तर दिवस तरी सरला असता." माझ्या मुलानं लगेच तिच्या फोनवर तसाच खेळ टाकून दिला. दोन दिवस तिनं प्रयत्न केला. काचेवर बोट फिरवताना ठोकळा कधी पडतो, कधी पडत नाही, हाताला काही कळतच नाही, म्हणून तिनं तो सोडून दिला. नोव्हेंबरात तिला सत्तर पूर्ण होणार होती. तोवर गेमबॉय आणायचाच, असं मी मनाशी ठरवलं.

ऑनलाइन शोधायला बसले तर पहिलाच भाव 18,000 रुपये. करड्या रंगाचा, 1989 सालचा पहिला गेमबॉय, खोका नाही, कॅसेट नाही, खाली लिहिलेलं: 'रेअर, टेस्ट केलेला नाही'. दुसरा 15,500. तिसरा 22,000. रेल्वेत आणि फूटपाथवर आम्ही शंभर-दीडशे रुपयांना घेतलेला तो चिनी ब्रिक गेमसुद्धा 'व्हिंटेज' म्हणून 3,500 ला लावलेला होता.

हे कुठून आलं? त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत एका लिलावात 'सुपर मारिओ 64' या जुन्या व्हिडिओ गेमची एक सीलबंद प्रत 15 लाख 60 हजार डॉलरना गेली, म्हणजे आपल्या साडेअकरा कोटींच्या आसपास. ती बातमी इथल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर फिरली. ती प्रत कधीही न उघडलेली होती, तपासून, गुण देऊन, पारदर्शक डबीत बंद केलेली होती, हे बातमीच्या खाली कुठेतरी होतं. तिथवर कोणी वाचलं नाही. ज्याच्या माळ्यावर जुनी कॅसेट होती त्याला वाटलं आपल्याकडे सोनं आहे. लॉकडाऊनमुळे लोक घरात होते, कपाटं आवरत होते, लहानपणीच्या वस्तू शोधत होते, त्यामुळे मागणी खरीच वाढली होती. त्या वाढीच्या डोक्यावर ही बातमी येऊन बसली.

मला राग येतो तो 'रेअर' या शब्दाचा. गेमबॉय आणि त्याचा रंगीत भाऊ, गेमबॉय कलर, मिळून जगभरात 11 कोटी 86 लाखांहून जास्त नग विकले गेले. गेमबॉयवरच्या टेट्रिसच्या साडेतीन कोटींच्या आसपास प्रती गेल्या. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी हे यंत्र घडवलं तेच मुळी सगळ्यांना परवडावं म्हणून. रंगीत पडदा नाही, पडद्यामागे दिवा नाही, जुना, स्वस्त झालेला चिप, आणि चार पेन्सिल सेलवर तासन्तास चालणार. जपानात तो 12,500 येनला निघाला. इतक्या घराघरांत पोचलेली वस्तू दुर्मीळ म्हणून विकणं मला पटत नाही.

तरीही मी पहिल्या फेरीत फसले. एका विक्रेत्यानं 9,500 सांगितले, सोबत टेट्रिसची ओरिजिनल कॅसेट, आणि चालू असल्याचा व्हिडिओ पाठवला. 18 हजारांपुढे साडेनऊ मला स्वस्त वाटले. पैसे यूपीआयनं पाठवले. आठ दिवसांनी पार्सल आलं. बॉडी चकचकीत, नवी. सेल घातले, बटण सरकवलं, काही नाही. व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला, तेव्हा दिसलं की त्यातल्या गेमबॉयला ए बटणाशेजारी एक आडवा ओरखडा आहे. माझ्या हातातल्यावर तो नव्हता. तोवर त्या माणसानं मला ब्लॉक केलं होतं. तक्रार नोंदवली. पैसे परत आले नाहीत.

तो घेऊन मी लॅमिंग्टन रोडला गेले. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवरचा रस्ता, लहानपणी बाबांबरोबर रेडिओ घेऊन जायचो तोच. तिथं एका गाळ्यात जुनी यंत्रं दुरुस्त करणारे एक दादा बसतात. गेमबॉयचे स्क्रू साधे नसतात, तीन पाकळ्यांचे असतात, आणि कॅसेटचा स्क्रू आणखी वेगळा. त्यांच्याकडे दोन्हीचे ड्रायव्हर होते. त्यांनी मागचं झाकण काढलं आणि काही न बोलता यंत्र माझ्यापुढे धरलं. सेलच्या पत्र्यांपासून आत सर्किटपर्यंत हिरवा-पांढरा थर चढलेला. कोणीतरी वर्षानुवर्षं सेल आत ठेवून दिले होते, ते पाझरले होते, आणि वरून नवी बॉडी चढवून ते झाकलं होतं. मग त्यांनी कॅसेट उघडली. खऱ्या कॅसेटमध्ये हिरव्या पाटीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं आणि सहसा पायांचा नीट चिप बसवलेला असतो. यात काळ्या डांबरासारखा एक थेंब होता, बास. "ताई, कॅसेट नकली आहे, आणि मशीन खाल्लेलं आहे. ते नाही व्हायचं," दादा म्हणाले. निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, जिचा मला पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला: पडद्यावर उभ्या रेघा असल्या तरी घ्या, ते बरं होतं. आत गंज चढलेला असला तर फुकट दिला तरी घेऊ नका.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, पैशांसकट. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अगं, तू त्यांनी सांगितलेले भाव बघतेस. दिलेले कुठे बघितलेस?"

ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत आई नेमकं हेच करायची. भाव विचारायची नाही. जरा बाजूला उभी राहायची आणि आधीच्या बाईनं किती नोटा दिल्या, किती सुट्टे परत घेतले, ते बघायची. मगच पुढे व्हायची. मी मात्र महिनाभर सांगितलेले आकडेच वाचत बसले होते, आणि तेही एकमेकांना बघून लावलेले. पहिल्यानं 18 लावले म्हणून दुसऱ्यानं 17 लावले, आणि कोणाचंच विकलं जात नव्हतं. 22,000 वाला गेमबॉय मी शोधायला लागल्यापासून तिथंच होता.

ईबे या परदेशी खरेदी-विक्रीच्या साइटवर 'विकलेल्या वस्तू' एवढ्याच दाखवायची सोय आहे, मागच्या साधारण तीन महिन्यांची. मी एक दोनशेपानी वही घेतली आणि रोज रात्री त्यात उतरवू लागले: तारीख, वस्तू, अवस्था, प्रत्यक्षात आलेली किंमत, टपालखर्च. महिन्याभरात साठ-सत्तर नोंदी झाल्या. खोका नसलेला, चालणारा साधा गेमबॉय बहुतेक वेळा 50 ते 80 डॉलरमध्ये जात होता, म्हणजे साधारण पावणेचार ते सहा हजार रुपये. रेघा असलेला त्याच्या निम्म्यानं. टेट्रिसची सुटी कॅसेट हजार रुपयांच्या आसपास.

मग जपानहून मागवायचा हिशेब केला, कारण तिथं माल भरपूर. 4,000 येनचा गेमबॉय म्हणजे तेव्हाचे साधारण 2,700 रुपये. टपालाचे 1,700. या दोन्हींवर, तेव्हाच्या दरानं, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून 77 टक्क्यांच्या वर. एकूण 7,800 च्या घरात. हे इथल्या विक्रेत्यांच्या बाजूनंही लिहायला हवं. बाहेरून आणून, स्वच्छ करून, तपासून कोणी तेव्हा साडेआठ-नऊ हजार मागत असेल तर तो लुटत नव्हता. त्यातले तीन-साडेतीन हजार सरकारकडे गेलेले असायचे. पण माळ्यावरून काढलेल्या, सेलसुद्धा घालून न पाहिलेल्या यंत्राला 18 हजार कशाचे? 'टेस्ट केलेला नाही' याचा अर्थ मी आता एकच धरते: बघितला, आणि चालला नाही.

एका शुक्रवारी सकाळी सहाला चोरबाजारात जाऊन आले. मटण स्ट्रीटच्या आसपास शुक्रवारी जुना बाजार भरतो. दोन ब्रिक गेम मिळाले, एक फुटलेला सेगाचा कंट्रोलर, आणि ढिगानं मारिओच्या कॅसेट, आपल्या लहानपणच्या त्या पिवळ्या, लाल, काळ्या. किंमत विचारली तर विकणाऱ्यानं खिशातून फोन काढला आणि एका अमेरिकन कॅसेटचा डॉलरमधला भाव दाखवला. मी त्याला समजावून सांगितलं की ती कॅसेट 72 पिनांची, ही 60 पिनांची, ही त्या यंत्रात बसतच नाही, आणि हिच्या आतही तोच काळा थेंब आहे. तो ऐकून घेत होता, पण फोन खाली ठेवला नाही. पूर्वी तिथं मालाकडे बघून भाव ठरायचा. आता फोनकडे बघून ठरतो, याचं मला फार वाईट वाटलं.

ऑक्टोबरच्या शेवटी मुलुंडच्या एका काकांची जाहिरात दिसली. फोटो अंधुक, किंमत 12,000, 'मुलाचा जुना गेम, दोन कॅसेट'. फोन केला. ते म्हणाले, पडद्यावर रेघा येतात, खरं सांगतो. त्या एका वाक्यासाठी मी लोकल पकडली. पिशवीत चार नवे सेल, तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा ड्रायव्हर, भिंग आणि वही.

काकांनी चहा ठेवला. मी आधी सेलचं झाकण उघडलं. पत्रे स्वच्छ होते. मग परवानगी घेऊन मागची बाजू खोलली, आतही हिरवं काही नव्हतं. सेल घातले, आवाज आला, पडद्यावर मधोमध पाच-सहा उभ्या पट्ट्या कोऱ्या. टेट्रिसची कॅसेट खरी होती. काकांनी 12,000 कुठून आणले विचारलं, तर त्यांनी तीच 18 हजारांची जाहिरात दाखवली. "मी सहा हजार कमी केले," म्हणाले. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळ्या नोंदी वाचल्या, बोट ठेवून ठेवून. मग म्हणाले, "म्हणजे चार हजार?"

मी म्हटलं, यंत्राचे आणि टेट्रिसचे मिळून चार हजार बरोबर आहेत, पण ही दुसरी कॅसेट त्यात देऊ नका. ती लाल रंगाची, पोकेमॉनची होती. आतल्या चपट्या सेलचा जीव गेलेला, त्यामुळे खेळ साठवला जात नव्हता, तरी वहीत तिच्या एकटीच्या नोंदी तीन-चार हजारांच्या होत्या. काका जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. ती कॅसेट त्यांनी परत कपाटात ठेवली आणि म्हणाले, "मग ही त्यालाच विचारतो." वही हातात असताना गप्प राहून ती कॅसेट घेणं मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लॅमिंग्टन रोड. दादांनी पडदा मोकळा केला. काचेच्या खालच्या कडेला एक पातळ पट्टी चिकटलेली असते, तिचे सांधे वर्षांनी सैल होतात, म्हणून त्या रेघा. त्यांनी यंत्र चालूच ठेवलं, सोल्डरचं टोक त्या पट्टीवरून डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश ओढलं, आणि कोरी पट्टी भरून आली. एक. मग शेजारची. एक पट्टी दोनदा आली आणि गेली, तेव्हा ते थांबले, पट्टी निवू दिली आणि पुन्हा टोक फिरवलं. शेवटची आली तेव्हा मी श्वास धरून उभी होते. 400 रुपये घेतले. मी पाचशे देऊ केले, ते घेतले नाहीत.

वाढदिवसाला सकाळी आईच्या हातात दिला. तिनं आधी विचारलं, "कितीला?"

"चार हजार. आणि चारशे दुरुस्तीचे."

"आणि आधीचे साडेनऊ?"

"ते गेले."

तिनं मान हलवली. खाटेवर बसून लावला, पण त्या पडद्याला आतून दिवा नाही, उजेड लागतो. म्हणून वॉकर धरून ती खिडकीपाशी गेली, खुर्ची उजेडाकडे वळवून घेतली आणि अंगठे बटणांवर ठेवले. पहिले दोन डाव लगेच संपले. तिसऱ्याला मी स्वयंपाकघरात होते, तिथून मला फक्त बटणांचा टकटक आवाज येत होता. दुपारी कालनिर्णयवर पाहिलं. त्या तारखेच्या चौकोनात 'दूध 1 ली.' आणि त्याखाली, जरा थरथरत्या अक्षरात, '31'.