आण्णा पेवात होते

गेलेल्या माणसांच्या दोन गोष्टी आमच्या घरात अगदी काटेकोर जपल्या जातात. एक तिथी आणि दुसरं त्यांच्या आवडीचं खाणं. आण्णांना, म्हणजे माझ्या आजोबांना, गवारीची भाजी. आज्जीला कढी. बापूकाकांना भजी, आत्तीला अळूवडी. आई नाना असताना गेली म्हणून आमचा म्हाळ अविधवा नवमीला, आणि आईसाठी खीर. भाद्रपदात पानं वाढताना वहिनी हे सगळं पाठ म्हणते आणि तिचं एकही नाव चुकत नाही.

यंदा म्हाळाला पुतण्या पुण्याहून आला होता. पानांना नमस्कार करून उठता उठता त्यानं नानांना विचारलं, "पणजोबा करायचे काय हो?"

"पेवात होते."

"पेव म्हणजे?"

"हळदीचं रे," असं म्हणून नाना आगारीवर तूप सोडायला वळले. संपलं. पस्तीस-चाळीस वर्षं एका माणसानं जमिनीच्या पोटात उतरून काम केलं, त्याचा हिशोब दोन शब्दांत मिटला. पोरगाही बिचारा भुकेजला होता, त्यानं पुढं विचारलं नाही.

म्हणून हे लिहायला बसले. कोणाला काय आवडायचं ते वहिनीला विचारा. मी कामाचं लिहिते.

हरिपूर सांगलीपासून जेमतेम चार किलोमीटर, कृष्णा-वारणेच्या संगमावर. आता तिकडं लोक जातात ते संगमेश्वराला, श्रावणी सोमवारच्या जत्रेला, नाहीतर नुसतं संध्याकाळी फिरायला. माझ्या लहानपणी हरिपुरात हळद अक्षरशः पायाखाली असायची. वीस-पंचवीस फूट खोल खड्डे, तोंड एका माणसापुरतं अरुंद आणि आत पोट मोठं. वरून बघणाऱ्याला फक्त मातीचा उंचवटा दिसायचा. तिथली माती चिकट आणि घट्ट, म्हणून ना वीट लागायची ना सिमेंट. हेच पेव. हळदीला भाव नसला की व्यापारी माल पेवात टाकून तोंड बंद करायचा आणि भाव येईपर्यंत थांबायचा. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. बाहेर पोत्यात ठेवलेल्या हळकुंडाला कीड लागते, पेवातल्याला लागत नाही.

आण्णा पेव भरणाऱ्या आणि उपसणाऱ्या टोळीत होते. भरायचं काम उन्हाळ्यात. शेतकऱ्यानं काहिलीत हळद शिजवून, वाळवून, घोळून आणलेली असायची. आण्णा आधी हळकुंड मोडून बघायचे. कट्कन आवाज आला तर ठीक, नाहीतर "वली हाय, परत वाळवा" म्हणून सांगायचे. ओला माल आत गेला की सगळं पेव नासणार. मग तळाला आणि कडेनं वाळका पाला लावायचा, वरून माल यायचा, आत उभ्या असलेल्या माणसानं तो पसरत पसरत वर यायचं. आतला माणूस म्हणजे बहुतेक वेळा आण्णाच, कारण ते किडमिडीत होते. संध्याकाळी घरी आले की पिवळे. भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या, घामसुद्धा पिवळा. आज्जी त्यांचं धोतर वेगळं धुवायची आणि लग्नाच्या हळदीला कोणी बोट लावायला आलं की आण्णा म्हणायचे, "माझी रोजच असती, नवऱ्याला लाव."

उपसायचं काम जास्त जोखमीचं. बंद पेवात काही महिन्यांत प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. कीड त्यामुळंच जगत नाही, आणि माणूसही जगणार नाही. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, मला हे पुस्तकातून सांगता येतं. आण्णा म्हणायचे, "आतली हवा मेल्याली असती." तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर परत थांबायचं. मी एकदा बघितलंय. कंदील खाली गेला, अर्ध्या वाटेत ज्योत बारीक झाली आणि गेली. आण्णांनी काही न बोलता दोरी वर ओढली, कंदील बाजूला ठेवला आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले. व्यापाऱ्याचा मुनीम तडफडत होता, गाडी उभी आहे, भाडं चढतंय. आण्णा म्हणाले, "आधी कंदील, मग मानूस." त्या दिवशीचा रोज कापला गेला. त्याचं भांडण घरात आठवडाभर चाललं, पण आण्णांच्या टोळीतला एकही माणूस पेवात दगावला नाही, ही गोष्ट आज्जी शेवटपर्यंत सांगायची.

आता दुसरी बाजू. आण्णा चिकट होते. चहात साखर किती घातली हे डबा उघडून बघायचे. नानांना त्यांनी दोरीनं मारलेलं आहे. आणि आत्ती वर्गात पहिली यायची तरी तिला चौथीतून काढलं, का तर आज्जीला घरात हात हवा होता. म्हाळाला हे कोणी बोलत नाही. गेलेल्याचं चांगलं तेवढंच बोलावं म्हणतात, मला ते पटत नाही. कंदील सोडणारा आणि पोरीचं दप्तर काढून घेणारा माणूस एकच होता.

आण्णा २००३ मध्ये गेले. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवांत उतरलं. किती हळद गेली त्याचा अंदाजच करवत नव्हता. कुजलेल्या हळदीचा वास पुढं कितीतरी दिवस होता. आज्जी म्हणाली, "बरं झालं म्हातारा आधी गेला. न्हाईतर काढायला उतरला असता." त्यानंतर पेवांचा धंदा मोडलाच. गोदामं आली, शीतगृहं आली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात पहिल्या पानावर बातमी होती. ती मी कापून ठेवली आहे. नाना म्हणाले, "आता काय उपयोग?" तरी त्यांनी ती दोनदा वाचली.

बापूकाकांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याबद्दल मला कमीच माहीत आहे. ते मिरजेला रेल्वेत मालधक्क्यावर होते. मिरज जंक्शनात तेव्हा तीन रुंदीचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरकडं ब्रॉडगेज, बेळगावकडं मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी अडीच फुटी लहान गाडी. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जात नाही, मग माल जातो कसा? तर माणसाच्या पाठीवरून. या गाडीतून काढायचा आणि त्या गाडीत भरायचा. बापूकाकांचं आयुष्य ह्या दोन गाड्यांच्या मधल्या पंधरा पावलांत गेलं. आषाढीला लहान गाडीच्या टपावरसुद्धा वारकरी बसायचे, तेव्हा काका त्यांना खालून पाण्याचे तांबे द्यायचे. ते दारू प्यायचे, पगाराच्या दिवशी हमखास. भजी आवडायची ती दारूबरोबर, हे वहिनीला कोणी सांगितलेलं नाही.

खिरीचं तर विचारूच नका. आईचं माहेर तासगावकडचं. हंगामात ती बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची, लग्नाआधीही आणि नंतरही. फेब्रुवारी ते एप्रिल. द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर टाकतात, पंधरा दिवसांत वाळतात, मग रॅक झोडून माल खाली पाडतात आणि बायका बसतात निवडायला. काडी वेगळी, काळा वेगळा, हिरवा वेगळा, पिवळा वेगळा. आईचे डोळे माझ्याशी बोलताना माझ्याकडं असायचे आणि बोटं आपली आपण काळा दाणा बाजूला टाकायची. गंधकाच्या धुरीनं तिला खोकला व्हायचा, माशा आणि गांधीलमाश्या पदराला चिकटायच्या. हंगाम संपला की ती म्हणायची, "आता वर्सभर बेदाणा डोळ्यासमोर आणू नका." तिनं बेदाणा कधी तोंडात घातला नाही. आमच्या शिऱ्यात नसायचा, भातात नसायचा. तिचं खरं आवडतं खाणं म्हणजे भडंग, वर कच्चा कांदा आणि लिंबू. पण म्हाळाच्या पानावर भडंग कसं वाढायचं? म्हणून खीर. आणि नाना खिरीत मुद्दाम मूठभर जास्त बेदाणे घालायला लावतात, "तिनं जन्म काढला त्यात" म्हणून. यंदा मी गप्पच बसले. पुढच्या वर्षी पानाशेजारी भडंगाची वाटी ठेवणार आहे, कावळ्याचं कावळा बघून घेईल.

राहिली आत्ती. खरं म्हणजे तिच्यासाठीच मी हे सगळं सुरू केलं असावं.

आत्ती लग्नानंतर तीन वर्षांत परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. आण्णांच्या घरात ती फार दिवस राहिली नाही. सांगलीतच विश्रामबागेत दोन खोल्या घेतल्या आणि कॉलेजच्या पोरांचे डबे सुरू केले. एकीकडं विलिंग्डन, दुसरीकडं वालचंद इंजिनीअरिंग. खाणाऱ्या तोंडांना तोटा नव्हता. पहाटे चारला चूल, नंतर स्टोव्ह, नंतर गॅस. ज्वारीच्या भाकऱ्या ती दोन्ही हातांवर थापायची, परातीत नाही. सकाळी डबा, संध्याकाळी पंगत, रविवारी दुपारी फिस्ट आणि रात्री सुट्टी. फिस्टला शेंगदाण्याची पोळी नाहीतर गुलाबजाम. एखाद्या पोरानं आमटी पातळ आहे म्हटलं की म्हणायची, "घट्ट पायजे तर घरी जा, आईला सांग."

डबेवाल्यांचं जीवनमरण खाड्यांवर असतं. पोरगं गावी गेलं की तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे. पोरं चार दिवस जाऊन आठ सांगायची. चौथी शिकलेल्या आत्तीला आकडे पक्के येत होते, पण पन्नास-साठ पोरांची नावं लिहायचा तिला कंटाळा. सगळ्यांची आडनावं पाटील नाहीतर जाधव, वेगळं काय करायचं? म्हणून तिनं प्रत्येकाला एक चित्र दिलं. चष्मा, सायकल, छत्री, टोपी, मांजर. डब्याच्या झाकणावर रंगानं तेच चित्र आणि वहीत त्याच चित्रापुढं खाड्यांच्या फुल्या. मांजर कोणाला आणि का, हे मी विचारलं तर म्हणाली, "दूध चोरतंय."

एकदा मी तिच्याकडं गेले असताना एक गृहस्थ गाडीतून उतरले. पोट सुटलेलं, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "मावशी, मी तुमच्याकडं जेवायचो. जाताना तुमचे चाळीस रुपये बुडवून गेलो होतो, ते द्यायला आलोय." आत्तीनं त्यांना नीट न्याहाळलं. आतून वही आणली, बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबली. "चाळीस न्हाईत. अठ्ठावीस. शेवटच्या महिन्यात तुझं खाडं हुतं." त्यांनी पाचशेची नोट पुढं केली तर म्हणाली, सुट्टे आण. ते गृहस्थ खरोखर कोपऱ्यावरच्या दुकानातून सुट्टे घेऊन आले. मग तिनं त्यांना जेवायला बसवलं, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. तोवर आत्तीनं डबे बंद केले होते आणि ती म्हातारपणी हरिपुरात नानांजवळ राहत होती. सगळ्यांना एका शाळेत हलवलं. तिथं तरुण पोरं मोठ्या पातेल्यात खिचडी करत होती. मनानं चांगली, पण मीठ अंदाजानं घालणारी. आत्ती काठी टेकत गेली, पळीभर चाखली आणि म्हणाली, "पुरानं मरायचं राहिलं तर ह्यानं मरतील." दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसून तिनं ते स्वयंपाकघर चालवलं. तांदूळ किती, डाळ किती, पहिली पंगत पोरांची, दुसरी बायकांची. पाणी उतरलं तेव्हा परत जायला तीच सगळ्यात नाखूश होती.

सप्टेंबर २०२० मध्ये ती कोविडनं गेली. तेव्हा ज्यांचं कोणी गेलं त्यांना पुढचं सांगायला नको. दहाव्याला चार माणसं होती. साठ साठ पोरांना जेवू घालणाऱ्या बाईच्या दहाव्याला चार माणसं, याचा मला अजून राग येतो. कोणावर, ते माहीत नाही.

तिच्या वह्या माझ्याकडं आहेत, हरिपुरातल्या माळ्यावर असल्यानं पुरातून वाचल्या. शेवटच्या पानांवर उधारी आहे. काहींच्या चित्रावर काट मारलेली आहे, म्हणजे पैसे आले. काही तशीच. साधारण १९८५ ते १९९५ च्या दरम्यान तुम्ही विश्रामबागेत एका बाईकडं डबा खाल्ला असेल आणि तुमच्या झाकणावर छत्री, कुलूप किंवा मांजर असेल, तर मला कळवा. ती कशी बोलायची, कोणाला काय बोलायची, तुमच्या लक्षात असेल ते सगळं मला हवं आहे. छत्रीचे चौदा रुपये बाकी आहेत, कुलपाचे सहा. मांजराचा हिशोब मोठा आहे, तो समोरासमोर सांगेन.