तुकाराम लागला होता त्या साली

सोमवार

नोव्हेंबर आला की आत्याच्या हयातीच्या दाखल्याची धावपळ सुरू होते. कागदांवर तिची जन्मतारीख १ जून १९३६ आहे. यातली १ जून मास्तरांची. शाळेत नाव घालायला पोर आलं की ते हीच तारीख टाकायचे, त्यामुळे त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. सालाला मात्र घरात एक पुरावा होता. आजी म्हणायची, "तुकाराम लागला होता ना, त्या साली झाली ही."

आज सहज तारीख पाहिली. प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईत गिरगावच्या सेंट्रलला लागला १२ डिसेंबर १९३६ ला. म्हणजे जूनचा प्रश्नच मिटला. त्यातून आमचं गाव बार्शीकडचं. तिकडे सिनेमा यायचा तो यात्रेतल्या तंबूत, मुंबई-पुण्याचं सगळं आटोपल्यावर. सेंट्रललाच तो वर्षाहून जास्त चालला होता. तेव्हा आत्या कागदापेक्षा एक-दोन वर्षांनी लहान असणार. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग तेवढ्या वर्षांची पेन्शन परत मागतील का रे?"

नाही मागणार. पण '१९३६' डोक्यात बसलं.

मंगळवार

त्या साली बादशहा तीन झाले. २० जानेवारीला पंचम जॉर्ज गेला, एडवर्ड आठवा आला, ११ डिसेंबरला तो पायउतार झाला आणि सहावा जॉर्ज आला. एडवर्डला घटस्फोटित वॉलिस सिम्पसनशी लग्न करायचं होतं. राजा असताना ते मंत्रिमंडळाला आणि चर्चला मान्य होईना. त्याचं निरोपाचं भाषण रेडिओवरून जगभर ऐकलं गेलं. आपल्याकडेही त्याच वर्षी ८ जूनला सरकारी नभोवाणीला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं होतं. एडवर्डच्या चेहऱ्याचं नाणं मात्र हिंदुस्थानात चलनात आलंच नाही. पैशावर जॉर्ज होता, पुन्हा जॉर्जच आला. आमच्या गावात मधला एक बादशहा कोणाला जाणवलाही नसेल.

राजाचं प्रेमप्रकरण लंडनहून काही तासांत पोचलं आणि तुकाराम मुंबईहून बार्शीकडे यायला वर्ष-दोन वर्षं. एकेका वर्षातल्या घटनांची जंत्री वाचताना हे कोणी सांगत नाही. कुठली गोष्ट कधी घडली ते लिहिलेलं असतं, कुठे कधी पोचली ते नाही.

बुधवार, बरीच रात्र

बर्लिनवर अडकलो. १ ऑगस्टला ऑलिंपिक सुरू झालं. ग्रीसमधल्या ऑलिंपियाहून धावत मशाल आणायची प्रथा याच खेपेला सुरू झाली, आणि आपण तिला प्राचीन समजतो! जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं घेतली, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या थोडं आधीचं कमी ठाऊक आहे. पाहुणे यायचे म्हणून रस्त्यांवरच्या ज्यूविरोधी पाट्या काढून ठेवल्या. जुलैच्या मध्यावर शहरातली रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) कुटुंबं पकडून मार्झानला, मैलापाण्याच्या शेतांजवळ नेऊन टाकली. पाहुण्यांना शहर स्वच्छ दिसलं आणि पुष्कळजण तसंच लिहून परतले.

या ऑलिंपिकला विरोध म्हणून बार्सिलोनात लोकांचं वेगळं ऑलिंपिक भरणार होतं, १९ जुलैपासून. खेळाडू पोचलेही होते. १७-१८ जुलैला स्पेनमध्ये लष्करी बंड झालं आणि स्पर्धेच्या सकाळी शहरात गोळीबार सुरू होता. काही खेळाडू परत गेलेच नाहीत, रिपब्लिकच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या बाजूने लढायला थांबले. महिनाभरात ग्रानाडाजवळ कवी लोर्काला गोळ्या घातल्या. ३८ वर्षांचा होता.

हॉकीचा संघ मुंबईहून बोटीने गेला होता. बर्लिनला पोचल्या पोचल्या सरावाच्या सामन्यात जर्मनीने ४-१ असं हरवलं. घरी तार गेली, दारा नावाचा खेळाडू मागवला, आणि बाकीचे बोटीने गेलेले असताना हा गडी विमानाने येऊन उपांत्य सामन्याला उभा राहिला. अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा, पावसाने तो १५ वर गेला. खेळाआधी कपडे बदलायच्या खोलीत व्यवस्थापकांपैकी पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि खेळाडूंनी त्याला सलाम केला. बाहेर मैदानात झेंडा अर्थातच साहेबाचा. मध्यंतराला जेमतेम १-०. मग ध्यानचंदने खिळ्यांचे बूट उतरवले. शेवटी ८-१.

हिटलरने ध्यानचंदला काय काय देऊ केलं, ती गोष्ट दर ऑगस्टला मोबाइलवर फिरते. मला ती पटत नाही. त्या खोलीतला सलाम पुरेसा आहे.

(त्याच उन्हाळ्यात मँचेस्टरला विजय मर्चंट आणि मुश्ताक अलींनी २०३ ची सलामी दिली. यावर वेगळं लिहायला हवं, आज डोळे मिटताहेत.)

गुरुवार

लाइट नव्हती. काही वाचलं नाही.

शुक्रवार

आज हळू पोचलेल्या गोष्टी.

२ नोव्हेंबरला लंडनमध्ये बीबीसीची नियमित टेलिव्हिजन सेवा सुरू झाली. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. लंडन ते मुंबई, ३६ वर्षं. बोटीने सुद्धा तीन आठवड्यांत माणूस यायचा.

मे महिन्यात केंब्रिजच्या ॲलन ट्युरिंगने एक गणिती निबंध धाडला. तेव्हा त्याला चोविसावंही पुरं झालं नव्हतं. त्यात एक काल्पनिक यंत्र आहे: न संपणारी फीत, तिच्यावर चौकटी, एका वेळी एक चौकट वाचायची, खूण लिहायची किंवा पुसायची, पुढे किंवा मागे सरकायचं. एवढ्यावर कुठलंही गणन करता येतं, आणि काही प्रश्न असे आहेत की ते अशा कुठल्याच यंत्राला सुटणार नाहीत, हेही त्याने दाखवलं. त्या वर्षीच्या कुठल्या वर्तमानपत्राला याची बातमी वाटली असेल? आज आत्याचा अंगठा बँकेतल्या मशीनवर उमटेना, तेव्हा आम्ही दोघं त्या निबंधाच्या नातवंडापुढेच ताटकळत होतो.

आणि ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया बेट. तिथल्या थायलासिन नावाच्या पट्टेरी, मांसाहारी प्राण्याला सरकारने संरक्षण दिलं १० जुलैला. होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा थायलासिन ७ सप्टेंबरला मेला. त्याआधी कित्येक वर्षं सरकारच मारणाऱ्यांना इनाम देत होतं. प्राणी अधिकृतपणे नामशेष ठरायला १९८० चं दशक उजाडलं. मरणाची बातमी मरणानंतर जवळपास पन्नास वर्षांनी.

रविवार

दुपारी आत्याला टीव्हीवर 'तुकाराम' लावून दिला. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, पागनीसांचा तुकाराम. आत्याचं लक्ष सगळं गौरीबाईंच्या जिजाईवर. पोरगं तापाने फणफणलंय, घरात दाणा नाही, नवरा भजनात. जिजाई पोराला घेऊन तडक देवळात जाते, हातात वहाण, आणि थेट पांडुरंगाला खडसावते. आत्या म्हणाली, "बरोबर आहे तिचं. एवढं कोणी विचारलंच नाही त्याला." सदेह वैकुंठाला जाताना तुकाराम तिलाही बोलावतो, आणि ती म्हशीचं, पोरांचं बघत मागे राहते. तिथे आत्या काही बोलली नाही, चहा मागितला. 'आधी बीज एकले' तुकोबांचं नसून शांताराम आठवल्यांचं आहे हे मी सांगून पाहिलं. तिने ऐकलंच नाही.

रात्री बाबासाहेबांचं पाहिलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मजकूर वाचून मंडळी बिचकली आणि परिषदच बारगळली. त्यांनी ते मे १९३६ मध्ये पदरच्या पैशाने छापलं. ३१ मे ला दादरला 'मुक्ती कोन पथे?' हे धर्मांतरावरचं भाषण झालं. नागपूरची दीक्षाभूमी त्यानंतर वीस वर्षांनी. ही वाट पोचायला लागलेला वेळ तारेचा किंवा बोटीचा नव्हता.

वर्षअखेरीस खानदेशात फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, बांबू आणि चटयांची. केळी-कापसाच्या मुलखात, डिसेंबरच्या थंडीत, तिथे युद्धाच्या धोक्यावरही ठराव झाला: साम्राज्यशाहीच्या लढाईत हिंदुस्थानने पडू नये. लॉर्ड लिनलिथगो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हाइसरॉय होऊन आला होता. ३ सप्टेंबर १९३९ ला त्याने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. फैजपूरच्याच काय, कोणत्याच माणसाला त्याने विचारलं नव्हतं.