रत्नागिरीचा सडा: कातळशिल्पं आणि फुलं एकाच फेरीत

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, जमिनीतच कोरलेली कातळशिल्पं बघायची तर डिसेंबरनंतर जा, असं बरेच जण सांगतात. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि रेषा मोकळ्या दिसतात, हे खरं. पण आम्ही मुद्दाम सप्टेंबरअखेरचा शनिवार-रविवार धरला. फुललेल्या सड्यावर ही शिल्पं बघायची होती, आणि ज्यांना दोन्हींची आवड आहे त्यांनी हाच काळ धरावा असं आता ठामपणे वाटतं.

सुरुवात उक्षी गावापासून करा. इथे एकच हत्ती कोरलेला आहे आणि भोवती चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांचा, गोल कठडा बांधलाय. वरून बघितलं की आकृती एका नजरेत मावते, डोळ्यांना सवय होते. ही सवय पुढे फार उपयोगी पडते. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब. शेजारी उभं राहिलं तर कातळात नुसत्या चरी दिसतात. आमच्याबरोबरच्या गावातल्या काकांनी आधी खराट्याने पाणी आणि पालापाचोळा सारला, मग काठी टेकवत पाठीच्या रेषेच्या कडेकडेने सोंडेपर्यंत चालत गेले. तेव्हा कुठे तो हत्ती उमगला, आणि त्याच्या पोटात कोरलेले प्राणी नि मासे एकेक करून दिसू लागले. वाटाड्याशिवाय जाऊ नका ते याचसाठी. जाण्याआधी दोन-तीन दिवस फोन करून ठेवा. शेतीची कामं असतात त्यांना.

ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, रेषांत सावली भरते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. चुन्याने किंवा खडूने रेषा भरू नका आणि शिल्पावर पाय देऊ नका.

फुलांसाठी मात्र गुडघे टेकावे लागतात. सीतेची आसवं जेमतेम वीतभर उंच. जांभ्यावर मातीचा थर नावापुरता, त्यात पोषण नाही. म्हणून ही वनस्पती बुडाशी मुळांसारख्या तंतूंवर असलेल्या मोहरीहून बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. शेजारीच दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती होती, पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं अडकलेली. भिंग जरूर न्या. कोकण दीपकाडीची पांढरी फुलं हवी असतील तर जून-जुलैमध्येच यावं लागेल.

एवढी जिवंत जमीन कागदोपत्री पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून पडून असते, याचं फार वाईट वाटतं. कोकण आणि गोव्यातल्या नऊ ठिकाणांची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आली. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू त्यांतलीच. त्यांतली काही मध्याश्मयुगातली, म्हणजे शेती सुरू होण्याआधीच्या शिकारीच्या काळातली, असावीत असं अभ्यासक मानतात. हत्ती आणि गेंडे इथल्या कातळावर आहेत, इथल्या रानात आता नाहीत. शिल्पं इतका काळ टिकली, पण चिरेखाणीचं यंत्र एकदा फिरलं की शिल्पही जातं आणि फूलही. दोन्ही वेगवेगळी वाचवता येणार नाहीत.

रविवारी दुपारनंतर देवाचे गोठणे. थोडा चढ आहे. तिथे कोरलेल्या माणसाच्या आकृतीपाशी होकायंत्राची सुई दिशा चुकते. साधं सुईचं होकायंत्र खिशात असू द्या आणि स्वतः बघा. वेळ कमी असेल तर कशेळीचं कनकादित्य मंदिर धावतं करा, पण देवाचे गोठणे सोडू नका.

राहायला रत्नागिरी किंवा पावस सोयीचं; पावस-पूर्णगड-गावखडी या किनाऱ्याच्या रस्त्याने कशेळी गाठता येते. सड्यावर सावली नाही, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. शेवाळलेला कातळ भयंकर निसरडा असतो, त्यामुळे पकड असलेले बूट हवेत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. जेवणाचं गावात आदल्या दिवशीच सांगून ठेवा: तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी मिळते. वाटाड्याचे पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. गावाला या सड्यातून चार पैसे मिळाले, तर खाणवाल्याला नाही म्हणणं थोडं सोपं जाईल.