एलसीआर-टी४: नाव एलसीआरचं, काम ओळखपरेडीचं

हजार रुपयांच्या आत मिळणारा, दांडीच्या सॉकेटचा हा टेस्टर सॉकेटात घातलेला सुटा इलेक्ट्रॉनिक भाग कोणता ते ओळखतो आणि मोजतो (एलसीआर म्हणजे इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रेझिस्टन्स). तो म्हणजे जर्मनीच्या मार्कुस फ्रेयेक यांनी सुरू केलेल्या आणि कार्ल-हाइन्झ क्यूबेलर यांनी वाढवलेल्या डिझाइनची चिनी नक्कल. आत ॲटमेगा ३२८ ही मायक्रोकंट्रोलर चिप (काही नकलांत दुसरीच) आणि सॉकेटच्या तिन्ही टोकांना प्रत्येकी ६८० ओहम आणि ४७० किलोओहमचा रेझिस्टर. सगळी मोजणी ५ व्होल्ट आणि सात मिलिअँपिअरच्या आत होते. बहुतेक मर्यादांचं मूळ इथेच आहे.

म्हणून ५.१ व्होल्टचा झेनर (ठराविक व्होल्टेजला उलट दिशेनेही वाहणारा डायोड) यावर साधा डायोड दिसतो. चालू व्हायला जास्त गेट करंट मागणारा ट्रायॅक (एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) ओळखलाच जात नाही. तो खराब आहे असं समजून फेकू नका.

आल्याबरोबर कॅलिब्रेशन करा. सॉकेटची १-२-३ टोकं तारेने जोडून बटण दाबा, स्क्रीनवर सूचना आली की तार काढा, आणि शेवटी मागेल तेव्हा १ आणि ३ मध्ये १०० नॅनोफॅरडपेक्षा मोठा फिल्म कंडेन्सर लावा. मग १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर मोजून पडताळा. इलेक्ट्रोलिटिकवर पडताळणी करू नका, त्याची स्वतःचीच चूक २० टक्के असते. एक ओहमच्या आसपास सॉकेटचा संपर्कच आकडा बिघडवतो.

खरी कमाई ईएसआरमध्ये, म्हणजे कंडेन्सरच्या आतल्या रोधाच्या मोजणीत आहे. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) आउटपुटचा १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर क्षमता ९०० दाखवतो, पण ईएसआर २ ओहम? बदला. चांगला असेल तर आकडा ओहमच्या दशांशात राहतो. मात्र बोर्डातून काढून मोजा, शेजारचे भाग आकडा खोटा पाडतात.

दुसरा उपयोग नकली मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर) पकडण्याचा. आयआरएफ ३२०५ या मॉसफेटची इनपुट कपॅसिटन्स डेटाशीटमध्ये ३२०० पिकोफॅरडच्या आसपास आहे. टेस्टरने गेटची ९०० दाखवली तर आतली सिलिकॉनची चकती छोटी आहे, छापलेला नंबर काहीही असो. उलट आकडा जुळला म्हणजे माल अस्सल, असं मात्र नाही. जास्त करंटवरचा रोध हे यंत्र पाहतच नाही.

इंडक्टन्स १० मायक्रोहेन्रीच्या पायरीने मोजतं, त्यामुळे रेडिओच्या कॉइलसाठी निरुपयोगी.

आणि हा मरतो तो एकाच कारणाने: भरलेला कंडेन्सर. त्याचा झटका थेट चिपच्या पायावर बसतो. एसएमपीएसच्या ४०० व्होल्टी कंडेन्सरला सप्लाय काढून २.२ किलोओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर पाच सेकंद लावा, मल्टिमीटरवर एक व्होल्टच्या खाली आलं का पाहा, मगच सॉकेटात घाला. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणं नको. ठिणगीने कंडेन्सरचे पायही जळतात आणि डोळाही.